दोष पटरचा की वेगाचा?

प्रश्न : निवृत्तीनंतर दोन वर्षांपूर्वी गोल्फ शिकलो. ग्रीनपर्यंत ठीक जमतं. पण उताराच्या, वेगवान ग्रीनवर हमखास तीन-चार पट लागतात. मित्र म्हणतात, पटर बदल. नवा महागडा पटर घ्यावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी मन हलकं करा. २०१६च्या मास्टर्समध्ये ऑगस्टाच्या पहिल्याच होलवर एर्नी एल्सला दोन-तीन फुटांवरून सहा पट लागले होते. चार मेजर जिंकलेल्या खेळाडूची ही गत, मग तुम्ही कशाला ओशाळता?

पटर सहसा निर्दोष असतो. आपल्याला वाटतं दिशा चुकली. लांबच्या पटमध्ये बहुतेकदा चुकतो तो वेग. चेंडू मंदावला की उताराकडे जास्त वळतो. म्हणून आधी वेग ठरवा, मग दिशा.

उतार होलच्या खालच्या बाजूने पाहा. तीस फुटांवरून चेंडू होलात घालण्याचा हट्ट नको. होलभोवतीच्या तीन फुटांत थांबला तरी पुरे. शक्यतो उताराच्या खालच्या अंगाला राहा, म्हणजे पुढचा पट चढाचा मिळेल. खेळाआधी दहा मिनिटं सरावाच्या ग्रीनवर वेगवेगळ्या अंतरांवरून पट मारा. त्या दिवसाचा वेग हाताला कळतो.

एक सावधगिरी : फेरी चालू असताना ग्रीन घासून किंवा चेंडू घरंगळवून अजमावू नका, दंड बसतो. बुटांच्या खुणा मात्र २०१९पासून दुरुस्त करता येतात.

पैसे खर्चायचेच असतील, तर आधी प्रशिक्षकाच्या एक-दोन तासांवर खर्चा. पटर कुठे पळून जात नाही!