जुन्या मोटारहोडीचा जीर्णोद्धार

खाडीच्या, नदीच्या किंवा सरोवराच्या काठाने फिरताना एखादी जुनी मोटारहोडी चिखलात कलंडून पडलेली आपण पुष्कळदा पाहतो. तिच्या रंगाचे पोपडे सुटलेले असतात, तळाशी साचलेले पावसाचे पाणी हिरवे झालेले असते आणि यंत्रावर घातलेली ताडपत्री फाटून वाऱ्यावर फडफडत असते. अशी होडी थोडक्या पैशांत मिळते. कधी कधी ‘उचलून न्या’ एवढ्याच बोलीवर फुकटही मिळते. ती घेणाऱ्याजवळ पैसा बहुधा बेताचाच असतो. तो प्रथम रंगाचा डबा आणतो. आठ दिवसांत होडी नव्यासारखी दिसू लागते आणि नवव्या दिवशी तीत माणसे बसतात.

धोका येथेच आहे. होडीला जडणारे बहुतेक रोग रंगाखाली दडलेले असतात आणि नवा रंग त्यांना आणखी दडवतो. यास्तव थोडा पैसा कोठे आधी खर्चावा आणि कोठे मागाहून, हा प्रश्न काटकसरीचा आहे तसाच माणसांच्या जिवाचाही आहे. त्याचे उत्तर सापडण्यास लाकूड, धातू, पाणी आणि यंत्र यांचे काही साधे नियम ठाऊक असले पाहिजेत. या पाठात आपण उदाहरणादाखल 6 मीटर लांबीची, फळ्यांची बांधलेली आणि डीझेल यंत्रावर चालणारी होडी घेऊ. पाण्याच्या रेषेवर तिची लांबी 5.5 मीटर आणि रुंदी 1.6 मीटर आहे असे समजू.

घ्यावी की सोडावी?

परीक्षेला लागणारी हत्यारे दोनच : एक लाकडी हातोडी आणि एक टोकदार आरी. हातोडीने फळ्यांवर, तळाच्या कण्यावर आणि आतील बरगड्यांवर हलके ठोकत जावे. निरोगी लाकूड खणखणीत वाजते. कुजलेले लाकूड बद्द आवाज करते. जेथे आवाज बदलेल तेथे आरी दाबून पाहावी. चांगल्या लाकडात ती अडते, कुजलेल्या लाकडात लोण्यात शिरावी तशी शिरते.

एखाददुसरी फळी किंवा दोनचार बरगड्या कुजल्या असतील तर होडी वाचवता येते. परंतु तळाचा कणाच लांबवर कुजला असेल, किंवा दुरून पाहता होडी मधे वाकून तिची दोन्ही टोके खाली झुकलेली दिसत असतील, तर बेताच्या पैशांत तिचा नाद न धरणेच शहाणपणाचे होय. कारण इतर सर्व भाग कण्याच्या आधाराने उभे असतात; तो बदलणे म्हणजे जवळजवळ नवी होडी बांधणे होय.

लाकूड का कुजते?

पाण्यात राहून लाकूड कुजते अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः लाकूड कुजवते ती बुरशी. तिला ओल, ऊब आणि प्राणवायू या तिन्ही गोष्टी लागतात. लाकडातील ओल 20 टक्क्यांहून कमी असेल तर ती वाढू शकत नाही. उलट, समुद्राच्या पाण्यात सदैव बुडालेल्या फळीत तिला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि मीठही तिला मानवत नाही. म्हणून जुन्या होड्या बहुधा वरून खाली कुजत जातात. पावसाचे गोडे पाणी वरच्या फळ्यांच्या सांध्यांतून झिरपते, कोपऱ्यांत साचते आणि तेथे वारा न खेळल्याने बुरशीचे राज्य सुरू होते. होडीवर नीट उतरते छप्पर घालणे आणि आत वारा खेळता ठेवणे, ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी दुरुस्ती होय.

लाकडातील ओल शाळेच्या प्रयोगशाळेतही मोजता येते. लाकडाचा एक तुकडा तोलावा. समजा त्याचे वजन 120 ग्रॅम भरले. मग तो सुमारे 103 अंश सेल्सिअस तपमानाच्या भट्टीत, वजन घटणे थांबेपर्यंत वाळवावा. आता तो 96 ग्रॅम भरला, तर 24 ग्रॅम पाणी उडाले. कोरड्या वजनाशी त्याचे प्रमाण 25 टक्के पडते. अशा लाकडावर रंग लावणे म्हणजे आजार आत कोंडणे होय.

खाऱ्या पाण्यात दुसरा एक शत्रू असतो, तो म्हणजे जहाजकिडा. नावाने किडा असला तरी तो शिंपल्याच्या वर्गातील प्राणी आहे. लहानपणी तो टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून आत शिरतो आणि आतल्या आत बोगदे कोरत वाढतो. बाहेरून फळी धडधाकट दिसते. आतून तिची चाळण झालेली असते. रंगाचा थर अखंड असेल तर त्याला आत शिरता येत नाही. म्हणून पाण्याखालच्या भागावरील लहानसा ओरखडाही लगेच बुजवावा.

चांगल्या लाकडाचे आयुष्य किती असू शकते याचा एक दाखला आपल्या देशातलाच आहे. ‘त्रिंकोमाली’ नावाचे युद्धनौकेचे गलबत मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी सागवानात बांधले आणि ते 1817 साली पाण्यात उतरले. 1990 ते 2001 या काळात त्याचा जीर्णोद्धार झाला आणि इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ते आजही तरंगत आहे.

नवे लाकूड जुन्याला जोडताना

कुजलेला भाग तर काढावाच, शिवाय त्याच्या पुढचे वीतभर चांगले दिसणारे लाकूडही काढावे. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून पुढे गेलेले असतात. नवा तुकडा टोकाला टोक भिडवून जोडू नये. दोन्ही टोके तिरकी तासून एकमेकांवर बसवावीत. फळीची जाडी 2 सेंटिमीटर असेल तर तिरका उतार तिच्या निदान आठपट, म्हणजे 16 सेंटिमीटर लांब असावा. त्यामुळे चिकटविण्यास भरपूर पृष्ठभाग मिळतो आणि ताण एका रेषेवर न पडता सर्वत्र वाटला जातो. सागवानात नैसर्गिक तेल असल्याने सरस लावण्यापूर्वी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून घ्यावा. प्लायवुड वापरायचे झाल्यास भारतीय मानक 710 प्रमाणे बनविलेले सागरी प्लायवुडच घ्यावे, आणि त्याच्या कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद कराव्यात. लाकूड कडेतूनच सर्वाधिक पाणी पिते.

फळ्यांमधील फटी पाहून पुष्कळांना त्यांत सिमेंट किंवा दगडासारखा घट्ट होणारा लुकण भरण्याचा मोह होतो. तो आवरावा. होडी कोरडी पडली म्हणून फळ्या आकसलेल्या असतात. पाण्यात जाताच त्या पुन्हा फुगतात. मधे कठीण पदार्थ असेल तर फुगण्यास जागा न मिळून फळ्या बरगड्यांपासून सुटतात. परंपरेने सांध्यांत कापसाची वात ठासून वर लवचीक लुकण भरतात, ते याच कारणास्तव.

जुना रंग कोरडा घासू नये. त्यात शिसे असण्याचा संभव असतो. जहाजांच्या तळाला लावावयाच्या काही जुन्या रंगांत कथिलाची विषारी संयुगेही असत. 2001 साली झालेल्या व 2008 पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये ती वर्ज्य ठरली आहेत. यास्तव रंग ओला करून खरवडावा, नाकातोंडावर योग्य मुखवटा बांधावा आणि खरवड गोळा करावी. पाण्यात लोटू नये.

धातूंचा परस्परांवरील परिणाम

1761 साली इंग्रजांच्या ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या तळाला जहाजकिड्यांपासून रक्षण व्हावे म्हणून तांब्याचे पत्रे ठोकण्यात आले. दोन वर्षांनी पाहतात तो पुष्कळ लोखंडी खिळे खाऊन गेले होते. मात्र जेथे पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद चुकून खिळ्याभोवती राहिला होता, तेथील खिळे शाबूत होते. खारे पाणी, तांबे आणि लोखंड एकत्र आल्याने विजेचा एक घटच तयार झाला होता आणि त्यात लोखंड झिजत होते. कागदाने तो घट तोडला होता.

याच तत्त्वाचा उलट उपयोग सर हंफ्री डेव्ही यांनी 1824 साली केला. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला असता तो तुकडा स्वतः झिजतो आणि तांबे वाचवतो, असे त्यांनी दाखविले. गमतीची गोष्ट अशी की तांबे विरघळेनासे होताच जहाजाच्या तळावर शेवाळ आणि शिंपले वाढू लागले, कारण त्यांना दूर ठेवीत होते ते विरघळणारे तांबेच!

आपल्या होडीसाठी यातून तीन नियम निघतात. पाण्याखाली तांबे किंवा पितळ यांच्या शेजारी साधे लोखंड वापरू नये. पंख्याच्या दांड्याजवळ जस्ताचा तुकडा धातूशी घट्ट जोडावा, आणि त्यावर रंग मुळीच लावू नये. होडी कायम गोड्या पाण्यात असेल तर जस्ताऐवजी मॅग्नेशियम अधिक उपयोगी पडते. तिसरे, जुने पितळी स्क्रू खरवडून पाहावेत. पिवळ्याऐवजी गुलाबी रंग दिसला तर त्यांतील जस्त निघून गेले आहे आणि सच्छिद्र तांबे उरले आहे असे समजावे. असा स्क्रू हाताने मोडतो.

बोटाएवढे भोक

यंत्र थंड ठेवण्यासाठी होडीच्या तळातून एक नळी पाणी आत आणते. तिची रबरी नळी जुनी होऊन तडकली, तर काय होईल? समजा भोकाचा व्यास 2.5 सेंटिमीटर आहे आणि ते पाण्याखाली 40 सेंटिमीटर खोल आहे. एवढ्या खोलीवर पाणी दर सेकंदास सुमारे 2.8 मीटर वेगाने आत घुसते. भोकाच्या कडेशी होणारी घट धरूनही मिनिटाला सुमारे 49 लिटर, म्हणजे तासाला जवळजवळ 3000 लिटर पाणी आत येईल. दर मिनिटाला दहा लिटरच्या पाच बादल्या उपसणारा मनुष्य किती वेळ टिकेल?

नवी रबरी नळी, दोन पट्ट्या आणि सहज फिरणारा कॉक यांची किंमत चांगल्या रंगाच्या डब्यापेक्षा फारशी जास्त नसते. तरीही माणसे आधी रंग घेतात. पंख्याचा दांडा जेथे होडीबाहेर जातो तेथील ग्लँड दोरीही याच वेळी बदलावी.

यंत्राची परीक्षा

वर्षानुवर्षे पडून असलेले यंत्र एकदम बॅटरीने फिरवू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर ते दबत नाही आणि पिस्टनचा दांडा वाकतो. प्रथम तेल तपासावे. ते दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे. मग इंधनाचे फवारे काढून सिलिंडरांत थोडे तेल सोडावे, चार दिवस थांबावे आणि यंत्र हाताने सावकाश फिरवून पाहावे.

डीझेल यंत्रात ठिणगी नसते. हवा 16 ते 22 पटींनी दाबली जाऊन इतकी तापते की इंधन आपोआप पेटते. म्हणून त्याला दाब, हवेचे बुडबुडे नसलेले स्वच्छ इंधन आणि थंड पाणी या तीनच गोष्टी मुख्यतः हव्यात. टाकीच्या तळाशी पाणी साचले असेल तर तेथे सूक्ष्म जीव वाढून गाळ होतो. टाकी धुऊन गाळणी बदलावी. पाण्याच्या पंपातील रबरी इंपेलरची पाती कडक झाली असतील तर तोही बदलावा. पाते तुटलेले आढळल्यास तुकडा शोधून काढावा. तो पाण्याच्या वाटेत अडकून यंत्र तापवतो.

यंत्र पेट्रोलचे असेल तर आणखी सावध राहावे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने होडीच्या तळाशी साचते आणि हवेत ती 1.4 टक्के झाली तरी पेट घेऊ शकते. पाव लिटर पेट्रोलच्या वाफेने सुमारे 3 घनमीटर हवा स्फोटक होते. लहान होडीची यंत्राची खोली यापेक्षा मोठी नसते. यास्तव यंत्र सुरू करण्यापूर्वी ती खोली उघडून वारा घालावा.

किती माणसे, किती वेग?

आपल्या होडीने पाण्यावर व्यापलेले क्षेत्र, टोकांकडील निमुळतेपणा धरून, सुमारे 6.2 चौरस मीटर येते. आर्किमिडीजच्या सिद्धांतानुसार होडी 1 सेंटिमीटर अधिक बुडण्यास सुमारे 62 किलोग्रॅम वजन पुरते. म्हणजे दर माणशी ती जवळजवळ एक सेंटिमीटर खाली जाते. तळात 300 लिटर पाणी साचले तर चारपाच माणसांचे वजन वाढले; शिवाय हे पाणी होडी कलेल तिकडे धावते आणि तिला अधिकच कलंडवते.

वेगाविषयीही एक मर्यादा आहे. पाणी सारून चालणारी होडी स्वतःच एक लाट निर्माण करते. लाटेची लांबी होडीएवढी झाली की होडी जणू तिच्या चढावर अडकते. हा वेग, दर सेकंदास मीटरमध्ये, पाण्यावरील लांबीच्या वर्गमुळाच्या 1.25 पट असतो. आपल्या होडीस तो तासाला सुमारे 10.5 किलोमीटर येतो. यापुढे दुप्पट शक्तीचे यंत्र बसवूनही लाभ अल्प. इंधन मात्र भरपूर जळेल. जुने लहान यंत्र नीट चालत असेल तर मोठे घेण्यात पैसा घालवू नये.

खर्चाचा क्रम आणि शेवटची कसोटी

आता क्रम स्पष्ट होतो : प्रथम पाणी बाहेर ठेवणाऱ्या गोष्टी, मग आग टाळणाऱ्या, मग यंत्र व सुकाणू, मग उपसा-पंप, अग्निशामक आणि प्रत्येकास एक जीवरक्षक जाकीट, रंगरंगोटी सर्वांच्या शेवटी. फळी उघडल्यावर नवे दोष हमखास सापडतात, म्हणून सुमारे तिसरा हिस्सा पैसा आरंभी बाजूस काढून ठेवावा. देशांतर्गत जलमार्गांवरील यांत्रिक नौकांसाठी 2021 चा अंतर्देशीय नौका अधिनियम आहे. त्याप्रमाणे तपासणी व नोंदणी झाल्यावाचून प्रवासी घेऊ नयेत.

होडी पाण्यात सोडल्यावर लगेच फिरावयास निघू नये. पहिल्या दिवशी ती गळणारच. फळ्या फुगण्यास वेळ लागतो. काठाला बांधून, पंप हाताशी ठेवून एक दिवस व एक रात्र तिच्याजवळ जागावे आणि दर तासाला किती पाणी उपसले ते वहीत लिहावे. आकडे उतरत गेले तर सांधे मिटत आहेत. ते तसेच राहिले किंवा वाढले तर होडी पुन्हा वर ओढावी, मग रंग कितीही सुंदर बसलेला असो.

स्वाध्याय

1. लाकडाचा तुकडा वाळवण्यापूर्वी 150 ग्रॅम व वाळल्यावर 125 ग्रॅम भरला. त्यातील ओल किती टक्के? त्यावर बुरशी वाढण्याचा संभव आहे काय?

2. तळातील भोकाचा व्यास निम्मा असता तर मिनिटाला किती लिटर पाणी आत आले असते?

3. पाण्यावर 4 मीटर लांब असलेल्या होडीची वेगमर्यादा काढा.