स्वयं-फोकस कॅमेऱ्याचे दोष व त्यांची तपासणी

मालाचा नमुना पुडक्यात बांधून टपालाने अथवा माणसाकरवी पाठविण्याचा काळ आता मागे पडत चालला आहे. मंचेरियलच्या पेढीवरील शालू किंवा बांगडी परगावच्या गिऱ्हाइकास आज प्रथम दिसते ती छायाचित्रातच. ते चित्र अंधुक असले तर माल कितीही चोख असो, पाहणाऱ्याच्या मनात शंका उभी राहते आणि सौदा तेथेच अडतो. याच कारणाने कित्येक पेढ्यांनी चांगला डिजिटल कॅमेरा विकत घेतला. परंतु थोड्याच दिवसांत "कॅमेरा फोकस धरीत नाही" अशी तक्रार सुरू होते व यंत्र दुरुस्तीस रवाना होते. आमच्या मते अशा बऱ्याच प्रसंगी बिघाड यंत्रात नसतो. यंत्राकडून त्याच्या शक्तीबाहेरचे काम मागितलेले असते. तेव्हा यंत्र पाहते कसे, हे आधी समजून घेणे इष्ट होय.

अलीकडचे कॅमेरे मनुष्याचा चेहरा व डोळा ओळखतात हे खरे. तथापि अंतर ठरविताना त्यांना शेवटी आधार असतो तो उजेड आणि काळोख यांच्या सीमारेषेचा, म्हणजे कडेचा. याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाच्या दोन प्रतिमा ताडून पाहिल्या जातात. त्या एकमेकींपासून किती व कोणीकडे सरकल्या आहेत यावरून भिंग पुढे न्यावे की मागे, हे कॅमेऱ्यास एकदम कळते. दुसऱ्या रीतीत भिंग हलवून कडा सर्वांत ठळक कोठे दिसतात ते शोधले जाते. उत्तम जागा ओलांडून गेल्यावरच ती मागे राहिली असे या रीतीस उमगते. म्हणून भिंग घरघर करीत पुढेमागे होते. तो बिघाड नव्हे. आरशाच्या कॅमेऱ्यात डोळा लावून पाहताना पहिली रीत चालते, तर पाठीमागच्या पडद्यावर पाहताना अनेक मॉडेलांत दुसरी. बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत बहुधा दोहोंचा मिलाफ आढळतो.

ही विद्या फार जुनी नाही. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला स्वयं-फोकस कॅमेरा, कोनिका सी-३५ एएफ, १९७७ सालचा. त्यातील फोकसची यंत्रणा अमेरिकेच्या हनीवेल कंपनीची होती. १९८५ साली मिनोल्टा ७००० बाजारात आला. पुढे पेटंटावरून हनीवेलने मिनोल्टास न्यायालयात खेचले व १९९२ साली मिनोल्टाने पावणेतेरा कोटी डॉलर देऊन तडजोड केली. कडा जुळविण्याच्या युक्तीचे हे मोल व्यापारी बंधूंस विशेष वाटावे!

आता आपल्या मालाकडे वळू. पांढरेशुभ्र धोतर किंवा एकरंगी कापड यांत कडाच नसते, मग कॅमेऱ्याने धरावे काय? अशा वेळी फोकसचा बिंदू काठावर ठेवावा. काठ नसेल तर किमतीची छापील चिठ्ठी कापडावर ठेवून शटरचा खटका अर्धा दाबावा, तो तसाच धरून चिठ्ठी काढून घ्यावी व मग पूर्ण दाबावा. आडव्या पट्ट्यांच्या साडीवर आणखी एक अडचण येते. काही कॅमेऱ्यांचे कडेचे बिंदू एकाच दिशेच्या रेषा ओळखतात. तेथे मधला बिंदू वापरावा किंवा कॅमेरा किंचित तिरका धरावा. काचेच्या कपाटातील वस्तू टिपताना कॅमेरा काचेवरील बोटांचे ठसे नाहीतर समोरच्या दिव्याचे प्रतिबिंब धरतो. वस्तू बाहेर काढणे हाच खरा उपाय.

सोन्याचे प्रकरण निराळे आहे. गुळगुळीत बांगडीत चमकणाऱ्या दिव्याची प्रतिमा बांगडीच्या पृष्ठभागाहून वेगळ्या अंतरावर असते. कॅमेरा ती चमक धरतो आणि नक्षी अंधुक राहते. म्हणून बिंदू नक्षीच्या कोरीव कडेवर ठेवावा व दिव्यापुढे पातळ पांढरे कापड धरावे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक आवश्यक झाला आहे आणि गिऱ्हाईक त्याचेच चित्र मागते. येथे उतावीळपणे भिंग दागिन्यास भिडविले जाते. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या सामान्य भिंगास साधारण २५ ते ३० सेंटिमीटरच्या अलीकडचे दिसत नाही. हे अंतरही भिंगाच्या तोंडापासून नव्हे, तर कॅमेऱ्याच्या माथ्यावरील रेघ छेदलेल्या वर्तुळाच्या खुणेपासून मोजावयाचे असते. मागे सरून चित्र घ्यावे व नंतर कातरून मोठे करावे. असे काम नित्याचे असल्यास मॅक्रो भिंगाचा खर्च वाया जात नाही.

चित्र बिघडले की दोष फोकसवर ढकलण्याची सवय आहे. चित्र मोठे करून नीट पाहावे. सर्वच रेषा एका दिशेस ओढल्यासारख्या दिसल्या तर हात हलला आहे, तिपाई वापरावी. मागचे किंवा पुढचे काही स्पष्ट असेल तरच फोकस चुकला. भिंगाचे छिद्र एफ १.८ इतके उघडे असता स्पष्टतेचा पट्टा फार अरुंद होतो. तेथे एफ ८ ठेवून उजेड वाढवावा.

आपला टापू सिंगरेणीच्या कोळशाचा. धूळ भिंगाच्या काचेवर व त्यामागील सोनेरी संपर्कबिंदूंवर बसते आणि भिंगाचे कॅमेऱ्याशी बोलणेच तुटते. कॅमेरा बंद करून, भिंग काढून ते बिंदू कोरड्या मऊ कापडाने पुसावेत. बोट लावू नये. वातानुकूलित पेढीतून पावसाळी हवेत कॅमेरा नेल्यास काचेवर दव धरते. तो पिशवीतच थोडा वेळ राहू द्यावा. भिंगावरील एएफ-एमएफ ही कळ चुकून सरकली नाही ना, हे तर सर्वांआधी पाहावे.

एवढे करूनही शंका राहिल्यास टेबलावर मोजपट्टी ठेवून कॅमेरा तिपाईवर पंचेचाळीस अंशांत रोखावा. पट्टीवरील एका आकड्याशेजारी ठळक छापाचा पुठ्ठा, त्याचे तोंड कॅमेऱ्याकडे करून, उभा करावा, त्यावर फोकस धरावा व छिद्र पूर्ण उघडे ठेवून पाचसहा चित्रे घ्यावीत. दरवेळी भिंग आधी मुद्दाम लांबवर फिरवून मग पुन्हा फोकस धरावा. प्रत्येक चित्रात स्पष्टता त्या आकड्याच्या एकाच बाजूस सरकलेली दिसली तर मात्र दोष यंत्राचा. काही मॉडेलांत तो सूक्ष्म समायोजनाने घरीच दूर करता येतो. तशी सोय नसल्यास कॅमेरा व भिंग ही दोन्ही, त्या चित्रांसह, कारागिराकडे पाठवावीत.