पत्र्याचे घर, ऊन आणि थंडी

कासुर्डी-यवतच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो आणि जानेवारीत पहाटे हुडहुडी भरते. पत्र्याचे घर दोन्ही वेळी वैऱ्यासारखे वागते. पत्रा पातळ, ऊन पडताच तापतो, रात्री तितक्याच लवकर गार होतो. बाळंतीण, तान्हे मूल, म्हातारी माणसे दिवसभर त्याच्याखाली असतात, म्हणून आरोग्याच्या पानावर आम्ही छपराविषयी लिहीत आहोत.

छप्पर पांढरे केले की बरेचसे ऊन परत जाते. २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करायला घेतली. अशी खोली दोन ते पाच अंशांनी थंड राहू शकते. स्लॅबला डिंक कालवलेल्या चुन्याचे दोन हात द्यावेत. पावसाने धुपतो, दरवर्षी पुन्हा लावावा. लोखंडी पत्र्यावर चुना टिकत नाही, गंज घासून पांढरा रंगच लावावा. सिमेंटचा जुना पत्रा मात्र घासू नका, त्यातल्या ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाते. त्यावर पायही देऊ नका, तो फुटतो.

पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूचा तट्ट्या बांधला तर उन्हाळ्यात झळ आणि थंडीत गारवा, दोन्ही अडतात. फक्त चुलीपासून लांब.

थंडीत दार लावून शेगडी पेटवून झोपू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. बाळाला टोपी-मोजे घालून आईच्या उघड्या छातीशी धरावे. त्याहून चांगली शेगडी नाही.

आता पैशाचे. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना रमाई आवास योजनेतून घरकुल मिळते. चौकशी ग्रामपंचायतीत आणि दौंडच्या पंचायत समितीत करावी. घरकुल २६९ चौरस फुटांचे. एवढ्या खोलीत समोरासमोर दोन खिडक्या नसतील तर तो स्लॅब रात्रभर भट्टीसारखा धुमसतो. गवंड्याला पाया खोदतानाच सांगा, नंतर भिंत कोण फोडणार?

आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायचे असतात. त्यातून वस्तीच्या छपरांना रंग द्या, ही मागणी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत लेखी मांडा आणि पोच घ्या. १ मेच्या सभेपर्यंत थांबलात तर ऊन डोक्यावर आलेले असेल.