यांची गोळी मी घेऊ का?

प्रश्न : आमच्या यांना हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेला, तेव्हापासून ते रोज रक्त पातळ करायची गोळी घेतात. मला ५८ वर्षं झाली, हृदयाचा त्रास नाही. शेजारीण म्हणते, तूही सुरू कर. बायकांना ही गोळी पुरुषांइतकीच लागू पडते का?
— एक वाचक, लोणी (ता. आंबेगाव)

उत्तर : लागू पडते, पण तुम्हाला ती हवी आहे का, हा प्रश्न वेगळा.

तुमच्या यांची गोळी बहुधा अ‍ॅस्पिरिन असेल. ती खरं तर रक्त पातळ करत नाही. डेंग्यूत आपण ‘पेशी कमी झाल्या’ म्हणतो, त्या प्लेटलेट्सना ती एकमेकींना चिकटू देत नाही. त्यासाठी ती प्लेटलेटमधलं एक एन्झाइम कायमचं बंद पाडते. प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे तिला ते पुन्हा बनवता येत नाही. ती जगते आठ-दहा दिवस. म्हणून रोज ७५ मिलिग्रॅमही पुरतं.

बायकांच्या प्लेटलेट्स सरासरीने संख्येला थोड्या जास्त आणि चिकटायलाही तत्पर असतात. अमेरिकेत २२,०७१ पुरुष डॉक्टरांवरच्या चाचणीत (१९८९) अ‍ॅस्पिरिनने हार्ट अ‍ॅटॅक ४४ टक्क्यांनी घटले, पक्षाघात घटला नाही. ३९,८७६ निरोगी स्त्रियांच्या चाचणीत (२००५) उलट झालं : पक्षाघात १७ टक्क्यांनी घटला, हार्ट अ‍ॅटॅक एकूणात तेवढेच राहिले आणि पोटातला रक्तस्राव वाढला.

मग औषध स्त्री-पुरुष पाहून द्यायचं का? अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर (२००९) दिसलं, की ज्यांना अ‍ॅटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, त्यांच्यात पुन्हा तसं होण्याचा धोका दोघांतही साधारण एक पंचमांशाने कमी होतो. ज्यांना काहीच झालेलं नाही, त्यांचा फायदा फार थोडा, आणि रक्तस्रावाची जोखीम तो बरीचशी खाऊन टाकते. अँजिओप्लास्टीनंतर प्लेटलेट्सची औषधं घेताना बायकांना रक्तस्राव जास्त होतो. कमी वजन आणि कमी हिमोग्लोबिन असेल तर आणखी जपावं लागतं.

तेव्हा शेजारणीच्या सांगण्यावरून गोळी सुरू करू नका. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात बीपी, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. पुढचं डॉक्टर ठरवतील. तुमच्या यांनी मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नये. गुडघेदुखीवर दुकानातून आयबुप्रोफेन आणत असतील तर डॉक्टरांना सांगा, कारण ते त्याच एन्झाइमवर आधी जाऊन बसतं आणि अ‍ॅस्पिरिनला जागा मिळत नाही. शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.