समोरचा गप्प बसला म्हणून

अगं, परवा फोनवर किती हिरमुसली होतीस तू! "ताई, लोक बसायला पाट देतात, चहा करतात, पत्रिकाही घेतात, पण प्रभूचं नाव काढलं की विषयच बदलतात. दगडापुढे बोलतेय असं वाटतं." रात्रभर तुझंच बोलणं मनात घोळत होतं, म्हणून लिहितेय.

आधी एक ध्यानात घे. ज्या घरात तुला चहा मिळतो, ते घर दगडाचं नाही. ते फक्त अजून 'हो' म्हणालेलं नाही. सांगणं तुझं काम, मन उघडणं पवित्र आत्म्याचं. हे आपण उपासनेत मान डोलावून ऐकतो आणि घरोघरी निघालो की विसरतो.

ना. वा. टिळकांचंच बघ. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एवढा मोठा कवी, शब्दांचा धनी, पण स्वतःच्या बायकोला काही ते पटवू शकले नाहीत. लक्ष्मीबाई दुरावल्या, पुढे एकत्र राहायला आल्या, तरी सोवळं सांभाळून, वेगळी चूल मांडून. टिळकांनी ते मोडायला लावलं नाही. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न बाईंना स्वतःच पडला, उत्तरही त्यांनीच शोधलं, आणि 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाच. त्या काळात घरात जे चाललं होतं, त्याला 'प्रतिसाद नाही' असं कुणी म्हणेल का?

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. गेल्या गेल्या सांगायला सुरुवात करू नकोस. शोमरोनी बाईशी प्रभूचं बोलणं सुरू झालं ते पाणी मागण्यानं. तूही काहीतरी माग, विचार, ऐकून घे. तारण, पश्चात्ताप हे शब्द आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहेत, शेजारच्या मावशींना नाहीत. त्यापेक्षा आई गेल्यावर आपण दोघी कशाच्या आधारानं उभ्या राहिलो, ते सांग. वाद घालून जिंकलीस तर माणूस हरेल, आणि हरलेला माणूस पुन्हा दार उघडत नाही.

दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसलीस, तर आधी विचार, "प्रार्थना करू का?" 'नको' म्हणाले तर मोसंबी सोलून दे आणि गप्पा मार. औषध, फी, शाळेतला प्रवेश यांच्या आडून सुवार्ता कधीही सांगू नकोस. अडलेल्या माणसाचा होकार खरा नसतो. आणि कुणी स्वच्छ 'नाही' म्हटलं, तर ते मानायचं. दिवाळीला त्यांच्याकडचा फराळ खायचा, नाताळात आपल्या करंज्या पाठवायच्या. नातं तोडायचं नाही.

राहिला तो महिन्याचा अहवाल. 'नवीन विश्वासी' या रकान्यात शून्य भरायचं असेल तर बिनदिक्कत शून्यच भर. मिशनरी विल्यम कॅरी 1793 मध्ये बंगालात आले. सेरामपूरला कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला तो 1800 च्या डिसेंबरात. तोही आला होता खांदा निखळला म्हणून. मिशनच्या डॉक्टरांनी आधी तो बसवून दिला. पाळकसाहेबांनी विचारलंच, तर ही सात वर्षं त्यांना ऐकव. तरी कुरकुरले, तर माझा नंबर दे.

तुझी,
ताई