यंत्राचा गावनकाशा : एआरएम लॅपटॉपवरील लिनक्सचा एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या अंतरंगाविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गरज पडली की माणूस कोणताही विषय शिकतो, हा अनुभव मला गेल्या वर्षी आला. ‘कमवा व शिका’ योजनेतून साठविलेल्या पैशांत मी एक जुना लॅपटॉप घेतला. आमच्या घरात आलेला हा पहिलाच संगणक. त्यात एआरएम जातीची चिप होती व बॅटरी दिवसभर टिकते असे ऐकले होते. आमच्या गावी वीज जाते, म्हणून तेवढ्यावरच मी तो पसंत केला. पुढे त्यातील विंडोज फार मंद चालू लागली, तेव्हा एका सायंकाळी मी ती समूळ पुसून टाकली आणि लिनक्स बसविली. पडदा उजळला. पण आवाज निघेना, बॅटरी किती उरली हे दिसेना आणि झाकण मिटले तरी यंत्र आत तापतच राहिले. यात दोष ना लिनक्सचा होता, ना विकणाऱ्याचा. दोष माझ्या अज्ञानाचा होता. ते दूर करताना जे समजले, ते आपल्या महाविद्यालयातील बंधुभगिनींच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एआरएमचा जन्म

इंग्लंडमधील केंब्रिज येथे एकॉर्न कॉम्प्युटर्स नावाची कंपनी होती. तेथील शाळांत वापरला गेलेला ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक तिचाच. या कंपनीतील सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एक नवा प्रक्रियक रचला. त्याचा पहिला नमुना २६ एप्रिल १९८५ रोजी हाती आला आणि त्याच दिवशी चालूही झाला. थोड्या, साध्या आणि झटपट पार पडणाऱ्या आज्ञा, हे त्याचे तत्त्व. त्यात अवघे २५,००० च्या आसपास ट्रान्झिस्टर होते. त्याला किती वीज लागते हे मोजावयास फर्बर बसले, तेव्हा मापकाचा काटा शून्यावरच राहिला. शोध घेता कळले, की चिपला वीज जोडलेलीच नव्हती. आजूबाजूच्या तारांतून झिरपणाऱ्या विजेवरच ती चालली होती! हीच काटकसर पुढे मोबाईल फोनच्या कामी आली.

नोव्हेंबर १९९० मध्ये एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी यांनी मिळून एआरएमची स्वतंत्र कंपनी काढली. ही कंपनी स्वतःच्या आराखड्यांचा परवाना इतरांना देऊ लागली. तो घेऊन क्वालकॉम, सॅमसंग, ॲपल आदी कंपन्या आपापल्या चिप घडवितात आणि प्रक्रियकाभोवती आपल्या सोयीप्रमाणे इतर भागांची मांडणी करतात. भाषा एक, पण प्रत्येकाच्या गावाची रचना निराळी. प्रस्तुत विषयातील सर्व अडचणींचे मूळ येथेच आहे.

अडचण नेमकी कोठे आहे?

लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये इंटेलच्या ३८६ प्रक्रियकासाठी लिहिला. १९९४ मध्ये रसेल किंग यांनी तो एआरएमवर नेण्याचे काम हाती घेतले. एआरएमच्या ६४ बिटी रूपाचा समावेश डिसेंबर २०१२ मधील ३.७ या आवृत्तीत झाला. डेबियन या लिनक्स संचाने २०१५ पासून त्याला अधिकृत स्थान दिले. इतकेच काय, आपल्या खिशातील अँड्रॉइड फोन हाही बहुधा एआरएमवर चालणारा लिनक्सचा गाभाच असतो. तेव्हा लिनक्सला एआरएमची भाषा येत नाही, हे म्हणणे खरे नव्हे. भाषा येते, गावातली घरे ठाऊक नसतात.

हे समजण्यासाठी नेहमीच्या संगणकाकडे पाहू. आयबीएमने १९८१ मध्ये आपला पीसी बाजारात आणला आणि इतरांनी त्याची हुबेहूब नक्कल केली. त्यातून एक शिस्त निर्माण झाली. संगणकात बसविलेल्या पट्टीला ‘तू कोण?’ असे विचारले असता ती आपला क्रमांक सांगते. १९९६ मध्ये एसीपीआय नावाची पद्धत आली. तिच्यामुळे वीज, पंखा, बॅटरी यांची माहिती संगणकच तक्त्याच्या रूपाने प्रणालीच्या हाती देऊ लागला. म्हणून लिनक्सची एकच प्रत जवळजवळ कोणत्याही पीसीवर चालते. जणू प्रत्येक घरावर पाटी लावलेले हे शहर आहे. नवा पोस्टमनही येथे चुकत नाही.

एआरएमचे गाव तसे नाही. येथे आवाज, चित्र, वायफाय, बॅटरी यांचे बहुतेक भाग एकाच चिपमध्ये वा तिच्याशी पक्के जोडलेले असतात आणि ‘तू कोण?’ या प्रश्नाला ते उत्तर देत नाहीत. भलत्या पत्त्यावर हाक मारली, तर यंत्र जागच्या जागी थिजते. सबब प्रणालीला गावाचा नकाशा आधीच हाती द्यावा लागतो.

पूर्वी प्रत्येक यंत्राची ही माहिती कर्नलच्या आतच निरनिराळ्या फाइलींत लिहिली जाई. त्या इतक्या वाढल्या की मार्च २०११ मध्ये टोरवाल्ड्स यांनी कडक शब्दांत तक्रार केली. त्यानंतर ‘डिव्हाइस ट्री’ची पद्धत एआरएमसाठी रूढ झाली. कोणता भाग कोणत्या पत्त्यावर आहे, त्याला वीज कोठून मिळते, त्याचा ठोका कोण देतो, याची ही पद्धतशीर यादी होय. मी तिला यंत्राचा गावनकाशा म्हणतो. मात्र एकाच चिपचे दोन कंपन्यांचे लॅपटॉप घेतले, तरी त्यांचे नकाशे वेगळे असतात; कारण स्पीकर, पडदा, टचपॅड यांची जोडणी प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने करते.

विंडोजसाठी विकल्या जाणाऱ्या एआरएम लॅपटॉपांत एसीपीआयचा तक्ता असतो, हे खरे. परंतु विजेच्या व्यवहाराचे पुष्कळसे ज्ञान त्यात नसून विंडोजच्या खास ड्रायव्हरांत दडलेले असते. म्हणून लिनक्सला अशा लॅपटॉपांच्या प्रत्येक मॉडेलचा निराळा नकाशा तयार करावा लागतो.

माझी चूक

नकाशाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे फर्मवेअर. चिपमध्ये मुख्य प्रक्रियकाखेरीज लहान लहान सहायक प्रक्रियक असतात. त्यांना चालू होताना आपापला छोटा प्रोग्राम द्यावा लागतो. तो निर्मात्याच्या डिजिटल सहीचा असतो, त्यामुळे दुसऱ्या कोणी लिहिलेला चालत नाही. कित्येक लॅपटॉपांत तो केवळ विंडोजच्या विभागातच असतो. मी विंडोज पुसली, तेव्हा तोही पुसला गेला. माझ्या यंत्रात ज्या सहायकाकडे आवाजाचे काम, त्याच्याकडेच बॅटरीची खबर देण्याचेही काम होते. त्यामुळे एका फाइलीवाचून दोन्ही गोष्टी एकदमच गेल्या. अखेर निर्मात्याने दिलेली मूळ विंडोजची प्रत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उतरवून घेतली, ती पुन्हा बसविली, फर्मवेअरच्या फाइली बाजूला काढल्या आणि मग लिनक्सकडे परतलो. या खटाटोपात तीन रविवार खर्ची पडले.

असाही लिनक्स : एक उद्बोधक उदाहरण

नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम-१ ही स्वतःची एआरएम चिप असलेले लॅपटॉप आणले. ॲपलने लिनक्ससाठी माहितीपत्रके दिली नाहीत. पण मालकाने ठरविल्यास दुसरी प्रणाली चालविण्याची वाट मात्र उघडी ठेवली. या वाटेने हेक्टर मार्टिन आणि त्यांचे सहकारी आत शिरले. त्यांच्या प्रकल्पाचे नाव ‘असाही लिनक्स’. मॅकिंटॉश या सफरचंदाच्या जातीला जपानी भाषेत असाही म्हणतात, त्यावरून हे नाव पडले.

त्यांची रीत कला शाखेच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल. जेम्स प्रिन्सेप यांच्यापुढे १८३७ मध्ये सांचीचे लहान लहान ब्राह्मी लेख होते. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात हे पाहून त्यांनी ‘दानं’ हा शब्द ओळखला आणि त्या आधारे लिपी उलगडत गेली. असाहीच्या मंडळींनी एम१एन१ नावाचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो ॲपलच्या प्रणालीच्या खाली बसतो आणि ती कोणत्या पत्त्यावर कोणता आकडा लिहिते, याची नोंद ठेवतो. पुन्हा पुन्हा येणाऱ्या आकड्यांवरून कोणत्या पत्त्याला काय अर्थ आहे, ते ओळखायचे. चित्रप्रक्रियकाचे कोडे ॲलिसा रोझेनझ्वाइग आणि ‘असाही लिना’ या नावाने काम करणारी व्यक्ती यांनी प्रामुख्याने सोडविले.

मार्च २०२२ मध्ये पहिली प्राथमिक आवृत्ती निघाली. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची ५.१९ ही आवृत्ती ॲपलच्याच एआरएम लॅपटॉपवरून प्रसिद्ध केली. डिसेंबर २०२३ मध्ये फेडोरा प्रकल्पाच्या सहकार्याने एम-१ आणि एम-२ यंत्रांसाठी पक्की आवृत्ती आली.

या मंडळींचा काटेकोरपणा एका उदाहरणावरून कळेल. ॲपलचे स्पीकर लहान असून त्यांना क्षणभर पुष्कळ वीज दिली जाते. ती अशीच देत राहिल्यास आतील तारेचे वेटोळे जळून जाईल. म्हणून वेटोळ्याच्या तापमानाचा सतत अंदाज घेऊन आवाज आवरणारा प्रोग्राम लिहून होईपर्यंत त्यांनी स्पीकर बंदच ठेवले. आवाज निघाला म्हणजे काम झाले, असे त्यांनी मानले नाही.

तथापि अशा श्रमांनाही मर्यादा असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मार्टिन यांनी थकवा आणि मतभेद यांमुळे नेतृत्व सोडले. काम मात्र सहकाऱ्यांनी चालू ठेवले. दुसऱ्याने लपविलेले शोधून काढण्यात तरुण माणसांची वर्षे जातात, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

स्नॅपड्रॅगनचा धडा

येथे कोणी म्हणेल, की निर्मात्यानेच मदत केली तर प्रश्न मिटेल. जून २०२४ मध्ये क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स एलिट चिपचे लॅपटॉप बाजारात आले. या चिपसाठी क्वालकॉमचे अभियंते स्वतः लिनक्सकडे बदल पाठवीत होते. लिनक्सचे लॅपटॉप विकणाऱ्या टक्सेडो या जर्मन कंपनीने या चिपवर आपला लॅपटॉप तयार करावयास घेतला. परंतु नोव्हेंबर २०२५ मध्ये तिने ते काम थांबविल्याचे जाहीर केले. बॅटरी अपेक्षेइतकी टिकत नव्हती, पंख्यावर ताबा मिळत नव्हता आणि यंत्राचे मूळ फर्मवेअर लिनक्समधून अद्ययावत करण्याची सोय नव्हती, अशी तिची कारणे होती. ज्या बॅटरीसाठी एआरएम घ्यावयाचे, तीच लिनक्सखाली उणी पडली!

उलट २०२२ च्या लेनोव्हो थिंकपॅड एक्स-१३-एस या लॅपटॉपवर लिनारो संस्थेच्या व इतर अभियंत्यांनी दीर्घकाळ एकाच मॉडेलवर मेहनत घेतली आणि तो लिनक्सखाली पुष्कळ चांगला चालू लागला. यावरून दिसते, की चिप ओळखीची असणे निराळे आणि लॅपटॉप ओळखीचा असणे निराळे.

‘चालणे’ आणि ‘चांगले चालणे’

यंत्र सुरू होणे ही केवळ पहिली पायरी. खरी परीक्षा झाकण मिटल्यावर होते. एआरएम लॅपटॉप मोबाईलप्रमाणे झोपतो. प्रत्येक भागाने आपली वीज सोडली तरच गाढ झोप लागते. वाड्यातील एकाच खोलीत दिवा जळत राहिला तरी मीटर फिरतच राहतो, तसे एखादा ड्रायव्हर अपुरा असला की सकाळी बॅटरी रिकामी सापडते.

म्हणून या वाटेला जाणाऱ्यांसाठी स्वानुभवाच्या काही सूचना देतो.

१. खरेदीपूर्वी केवळ चिपचे नाव पाहू नये. नेमक्या मॉडेलचा नकाशा कर्नलमध्ये आहे की नाही, याची खात्री करावी.

२. विंडोज पुसू नये. तिचा विभाग लहान करून शेजारी लिनक्स बसवावी. तत्पूर्वी फर्मवेअरच्या फाइली उतरवून घ्याव्यात आणि डिस्क कुलूपबंद असल्यास तिची परतकिल्ली कागदावर लिहून ठेवावी.

३. शक्य तितका नवा कर्नल वापरावा. या क्षेत्रात सहा महिन्यांनी पुष्कळ फरक पडतो.

४. आधी पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा, बॅटरी यांची तपासणी करावी. लिनक्स बसविल्यावर रात्री बॅटरीचा आकडा टिपून झाकण मिटावे आणि सकाळी पुन्हा पाहावा.

५. ज्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर खुला आहे, ते एआरएमसाठी नव्याने बांधता येते. म्हणून लिबरऑफिस, देवनागरी टंक आणि मराठी कळफलक यांची अडचण येत नाही. अडचण येते ती बंदिस्त सॉफ्टवेअरची. काही प्रिंटरांचे ड्रायव्हर फक्त इंटेल जातीसाठीच मिळतात. बॉक्स-६४ किंवा फेक्स यांसारखे दुभाषी प्रोग्राम काही अंशी मदत करतात, पण ते ड्रायव्हरांसाठी नव्हेत.

समारोप

आज माझ्या लॅपटॉपमधून आवाज येतो, बॅटरीचा आकडा दिसतो. झोप अजून हवी तितकी गाढ लागत नाही. रात्रभरात थोडी बॅटरी खर्च होतेच. तरीही हा लेख मी त्याच यंत्रावर लिहिला आहे.

या अभ्यासातून मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. वस्तू विकत घेतल्याने तिची मालकी मिळते, पण तिचे ज्ञान मिळतेच असे नाही. नकाशा निर्मात्याच्या कपाटात राहिला, तर घरधन्यालाही आपल्या घरात चाचपडत फिरावे लागते. आणि ज्याच्यापाशी दुसरे यंत्र घेण्याइतके पैसे नाहीत, त्याला ते अधिक जाचते. ज्या मंडळींनी वर्षानुवर्षे खपून हे नकाशे काढले, त्यांनी ते कुलपात न ठेवता सर्वांसमोर मांडले. म्हणूनच एका खेड्यातल्या विद्यार्थ्याचे यंत्र पुन्हा बोलू लागले. हे ऋण फेडावयाचे, तर आपल्याला जे उमगले ते आपणही लिहून ठेवावे. कोणाचे यंत्र असेच अडले असेल, तर त्याने संकोच न करता मला भेटावे. फर्मवेअर पुसण्यापूर्वी भेटल्यास अधिक बरे!