आपल्या माणसावर आरोप येतो तेव्हा

घरातील एखाद्या व्यक्तीवर भयंकर गुन्ह्याचा आरोप झाला, तर आपल्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघेल? ‘शक्यच नाही, मी त्याला लहानपणापासून ओळखतो.’ मित्रहो, हे वाक्य खोटे नसते. पण आपण ज्याला ओळखतो, तो बहुधा जुन्या आठवणींतला माणूस असतो.

अमेरिकेतील डेव्हिड काझिन्स्की यांच्या मनात थोरल्या भावाची, टेडची, अशीच एक आठवण होती. लहानग्या डेव्हिडचा हात दाराच्या कडीला पुरत नव्हता, म्हणून टेडने दोऱ्याचे रिकामे रीळ दाराला खाली ठोकून दिले होते. पुढे टेड गणितज्ञ झाला आणि नंतर मोंटाना राज्यातील जंगलात एका झोपडीत एकटा राहू लागला. १९७८ ते १९९५ या काळात देशात कोणीतरी बॉम्ब पाठवत होते. त्यांत ३ जण ठार झाले, २३ जखमी. १९९५ मध्ये डेव्हिड यांच्या पत्नी लिंडा म्हणाल्या, हा टेड तर नसेल? डेव्हिड यांना ते मुळीच पटले नाही. ज्याने ते रीळ ठोकले, तो असे करील?

मी वाणिज्य शाखेत शिकतो. ताळेबंद जुळला नाही की आम्ही आधी दुसऱ्याची बेरीज तपासतो! घरच्या माणसाबाबतही तेच होते: पोलीस चुकले, कोणीतरी डाव साधला. कधी ते खरेही असते. आरोप म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. मात्र पुरावा पाहायलाच नकार देणे, ही धृतराष्ट्राची वाट आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बॉम्ब पाठवणाऱ्याचा ३५,००० शब्दांचा लेख वृत्तपत्रात छापून आला. डेव्हिड यांनी तो वाचला आणि टेडची जुनी पत्रे काढून ताडून पाहिली. काही शब्द ओळखीचे निघाले. आता दोन्ही बाजूंना मृत्यू होता. गप्प राहिल्यास आणखी कोणाचा तरी जीव जाईल, बोलल्यास भावाला देहदंड होईल. ते बोलले. एप्रिल १९९६ मध्ये टेडला अटक झाली. आईला सांगताना त्यांना धास्ती होती, पण तिने त्यांना जवळ घेतले.

येथे थोडे थांबून विचार करा. डेव्हिड यांनी सत्य नाकारले नाही आणि भावालाही टाकले नाही. त्याचा जीव वाचावा म्हणून ते झटले. १९९८ मध्ये टेडला जन्मठेप झाली. मिळालेल्या बक्षिसातील मोठा भाग त्यांनी पीडितांच्या कुटुंबांना दिला. स्फोटात जखमी झालेल्या एका दुकानदाराला त्यांनी स्वतः फोन केला आणि पुढे त्या दोघांची मैत्री जमली.

टेडला ते तुरुंगात पत्रे लिहीत राहिले. २०२३ मध्ये टेडचा मृत्यू झाला. तोपर्यंत एकाही पत्राचे उत्तर आले नव्हते.